धूर खाणारा मनोरा

सकाळचे अकरा वाजायला आले होते आणि चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोरं बापांच्या खांद्यांवर, बाया गच्च्यांवर, सिमेंट कारखान्यातली रात्रपाळी संपवून आलेले कामगार तसेच पांढऱ्या भुवयांनी ताटकळत उभे. चौकाच्या मधोमध दोन पुरुष उंचीचा काचेचा मनोरा होता, आत हिरवंगार पाणी आणि पाण्यात बुडबुडे. पायथ्याशी एक माणूस जेमतेम मावेल एवढी काचेची खोली आणि तिच्यावर हवा किती घाण ते सांगणारा आकड्यांचा मोठा फलक. चार कोपऱ्यांवरच्या चार कर्ण्यांतून पाखरांची किलबिल चालू होती. खरी पाखरं त्या गावातून केव्हाच उठून गेली होती.

मग शेवाळसर आले. हे नाव लोकांनीच ठेवलेलं. त्यांना ना जटा होत्या, ना दाढी. इस्त्रीचा हिरवा शर्ट, हातात टॅबलेट, बोलणं मधात बुडवून काढलेलं. बाबा-बुवांना नावं ठेवणारी शिकलेली मंडळीसुद्धा त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहायची, कारण ते दर दोन वाक्यांत एकदा ‘विज्ञान’ म्हणायचे.

“मित्रांनो, हे यंत्र नाही. हा जीव आहे,” शेवाळसर म्हणाले. “याला तार नाही, मोटर नाही, पंखा नाही. याला फक्त ऊन लागतं आणि तुमची श्रद्धा... म्हणजे, तुमची साथ. या शेवाळाला मी सतरा वर्षं पाखरांचे आवाज ऐकवलेत. पाखरं थांबली की ते रुसतं. हेसुद्धा विज्ञानच आहे.”

त्यांनी टायरचा एक तुकडा पेटवून काचेच्या खोलीत ठेवला आणि दार लावलं. काळाकुट्ट धूर भरला. फलकावर आकडा चढत चढत चारशे ऐंशीवर गेला. “आता डोळे मिटा आणि पृथ्वीमातेला मनातल्या मनात सॉरी म्हणा,” सर म्हणाले आणि स्वतः छातीवर हात ठेवून एक पाऊल गालिच्यावर पुढे सरकले. लोकांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा धूर विरत होता. पाऊण मिनिटात काच लख्ख झाली आणि फलकावर एकोणीस. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बोलायची सोय नाही. एक म्हातारा तर ओक्साबोक्शी रडायला लागला.

त्या सगळ्या गर्दीत एक जण मनोऱ्याकडे बघतच नव्हता. त्याच्या कानांवर हेडफोन होते, हातातल्या लांब काठीला माइक होता आणि डोळे मिटलेले होते. पर्यावरणावर माहितीपट काढणाऱ्या मंडळींत त्याला कानसेन म्हणत. दुसऱ्याला न ऐकू येणारं त्याला ऐकू यायचं आणि त्याचा त्याला थोडा गर्वही होता. वितळणारे बर्फाचे डोंगर, आटलेली तळी, जळकी जंगलं, सगळ्यांचे आवाज त्याने टिपले होते. आज मात्र तो स्वतःच्या गावात आला होता. चौकापासून चार घरं सोडून त्याची ताई राहायची.

दिग्दर्शिका बाई खुशीत होत्या. “लोक रडगाणी ऐकून कंटाळलेत रे,” त्या त्याला म्हणाल्या. “आता उपाय दाखवायचे, आशा दाखवायची.” बाई काही वाईट नव्हत्या. वीस वर्षं मरणाऱ्या नद्यांचं चित्रण केल्यावर कुणालाही एखादी जिवंत गोष्ट हवीशी वाटते.

कानसेनने एकच हट्ट धरला. चित्रीकरणापुरती ती पाखरं बंद करायची. शेवाळसरांनी त्याला बाजूला घेतलं.

“एकदाच करतो, तुमच्यासाठी,” ते म्हणाले. “पण काय हो, मागे कुठला बारीकसारीक आवाज आलाच, तर तो काढता येतो ना?”

“मिनिटाचं काम,” कानसेन म्हणाला. “काढल्याचं देवालासुद्धा कळणार नाही.”

“वा. कलाकार आहात,” शेवाळसर म्हणाले, आणि खरंच खूश दिसले.

तीनदा प्रयोग झाला, तीनदा चित्रण झालं. शेवटी कानसेनने आपल्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभं केलं आणि एक मिनिट नुसती शांतता मुद्रित केली. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते आणि पुढे आवाजांच्या जोडकामात ती लागते. मग त्याने वहीत नोंद केली: ‘प्रयोगाच्या वेळी पंख्यासारखी घूं. काढून टाकणे.’ मागे व्हॅनमध्ये युनिटचा जनरेटर चालूच होता, त्याचीच असणार असं त्याने धरलं. ताई चहा ठेवून वाट बघत होती, त्यामुळे तो जरा घाईतच होता.

ताईने त्याला लहानाचा मोठा केला होता. आईबाप गेले तेव्हा ती सतरा वर्षांची आणि हा सहा वर्षांचा. तेव्हापासून ती कारखान्याच्या शेडमध्ये सिमेंटची पोती शिवायची. त्याची शाळा, त्याचा पहिला टेपरेकॉर्डर, सगळं त्या सुईतून निघालं. जवळजवळ चाळीस वर्षं ती पांढरी धूळ तिच्या छातीत बसत गेली होती. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, “फुप्फुस निम्मं राहिलंय. दोन महिन्यांत गाव सोडा. तोवर मास्क काढायचा नाही आणि पंप चुकवायचा नाही.” कानसेनने आपल्या घरातली खिडकीजवळची खोली रिकामी केली होती. नवी गादी आणली होती, पडदेसुद्धा शिवून घेतले होते. ताई यायला तयार होती. तिला फक्त एक काम उरकायचं होतं.

ते काम म्हणजे बायकांचा अर्ज. कारखान्याच्या धुराड्याला धूळ पकडणाऱ्या पिशव्या बसवा, एवढीच त्यात मागणी. पोती शिवणाऱ्या दोनशे बायकांच्या सह्या व्हायच्या होत्या आणि पहिली सही ताईची होती.

माहितीपट झाला. कानसेनने ती घूं अशी सफाईने काढली की मनोऱ्याचा प्रसंग नुसता स्वच्छ शांततेत उभा राहिला. कामगारांच्या सभागृहात तो दाखवला गेला तेव्हा शेवटी पडद्यावर त्याचं नाव आलं आणि ताई उभी राहून टाळ्या वाजवत होती म्हणे. आठवड्याने तो तिला न्यायला गेला, तर ताईसाहेबांनी पिशवीच भरलेली नव्हती.

“मी येत नाही,” ताई म्हणाली. “काय करू तुझ्या सातव्या मजल्यावर? इथं सकाळी मनोऱ्यापुढच्या बाकावर बसते, दोन तास पोटभर श्वास घेते. कसं मोकळं वाटतं.”

“आणि मास्क?”

“मनोऱ्यापुढे मास्क लावून बसायचं म्हणजे ताटावर बसून तोंड बांधण्यातली गत.”

“ताई, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?”

“त्यांनी तुझी फिल्म कुठं बघितलीय?” ताई हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. “अरे, तो आपला वायरमन किती दिवस म्हणत होता, खाली मोटर आहे म्हणून. फिल्म बघितली आणि मुकाट बसला. केवढं शांत आहे त्यात. साधी घूंसुद्धा नाही. मी त्याला म्हटलं, माझ्या भावाच्या कानातून काही सुटतं का?”

“आणि अर्ज?”

“आता कशाला अर्ज? बायकाच म्हणाल्या, कारखान्याने पदरचे पैसे घालून मनोरा आणून दिला, त्यांच्याशी कशाला वाकडं घ्यायचं.”

तो वाद घालू शकला असता. थोडा घातलाही, पण वरवर. खरं सांगायचं तर त्यालाही ते खरं असावंसं वाटत होतं. जगभर जळकी जंगलं ऐकून आलेल्या माणसाला आपल्याच चौकात धूर खाणारं काहीतरी उभं राहिलंय हे सोडवत नव्हतं. आणि तिथं स्वतःचं नावही लागलं होतं. तो एकटाच परत गेला.

आठ महिने गेले. फिल्मला दोन बक्षिसं मिळाली. फोनवर ताई आधी दहा शब्द एका दमात बोलायची, मग सहा, मग चार. ‘हवामान बदललंय’ असं ती म्हणायची आणि हाही ‘हो’ म्हणायचा. लोकांच्या लग्नातल्या सनईचा बेसूर याला कोपऱ्यात बसून कळायचा, पण बहिणीचा तुटणारा श्वास काही कळत नव्हता.

मग शाळांमधून दाखवायला त्याच फिल्मची छोटी आवृत्ती करायची ठरली आणि मूळचे, न धुतलेले आवाज लागले. भर दुपारी आपल्या आवाजघरात बसून कानसेनने ते लावले. पहिला प्रयोग. शेवाळसरांचं ‘डोळे मिटा’, एक पाऊल, आणि बारीक घूं सुरू. टाळ्या वाजल्या आणि घूं बंद. दुसरा प्रयोग, तसंच. तिसरा, तसंच. मग त्याने ती एक मिनिटाची शांतता लावली. जनरेटर तेव्हाही चालूच होता. तो लांब होता आणि त्याची गुरगुर कुठच्या कुठे खाली होती. घूं मात्र नव्हती.

त्याने वही काढली. ‘पंख्यासारखी घूं. काढून टाकणे.’ अक्षर त्याचंच होतं. पंख्यासारखी असं त्याने स्वतः लिहिलं होतं, आणि तो पंखाच असेल हा विचार डोक्याला शिवला नव्हता. आवाज नकोसा म्हटला की काढायचा, एवढंच त्याचे हात इतकी वर्षं शिकले होते.

त्याने दिग्दर्शिका बाईंना बोलावून ऐकवलं. “दोन बक्षिसं आहेत रे या फिल्मला,” त्या आधी म्हणाल्या. मग चष्मा पुसून म्हणाल्या, “कधी निघायचं?”

रविवारी चौक पुन्हा भरला होता. पहिल्या बाकावर ताई. कानसेन तिला बघून हबकलाच. ती अंगाने निम्मी झाली होती, ओठ निळसर, आणि तरीही मनोऱ्याकडे तोंड करून एखाद्या शहाण्या मुलीसारखी लांब लांब श्वास घ्यायचा प्रयत्न करत होती. शेजारून सिमेंटचे ट्रक धुरळा उडवत जात होते. मास्क पिशवीत घडी करून ठेवलेला होता.

“सर,” कानसेन गर्दीतून पुढे झाला, “आज पाखरं बंद करून प्रयोग दाखवा.”

शेवाळसरांनी त्याला ओळखलं. “कलाकार आलेत,” ते गोड हसले. “पण मित्रा, तुमचा सूर आज नकारात्मक वाटतो. नकारात्मक सुराने शेवाळाच्या पेशी मिटतात. हे विज्ञान आहे. पाखरं थांबली तर ते रुसेल.”

लोक कुजबुजायला लागले. कुणी म्हणालं, चाललंय ते चालू द्या की. तेवढ्यात बाकावरून ताईचा आवाज आला. तिला तीनदा थांबावं लागलं. “एक दिवस... रुसू दे. माझा भाऊ... म्हणतोय ना. तो उगाच... नाही म्हणायचा.”

तिला गावात मान होता. तिच्यापुढे नाही म्हणणं शेवाळसरांना जड गेलं. कर्णे बंद झाले. कानसेनने हात वर केला. “आता कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. एक मिनिट फक्त ऐका.”

चौक गप्प झाला. टायर पेटला, धूर भरला. शेवाळसर नाइलाजाने गालिच्यावर पुढे सरकले. आणि दोनशे-तीनशे माणसांनी आपापल्या साध्या कानांनी ऐकलं. जमिनीखाली घूं सुरू झाली.

“मोटर,” वायरमन एवढंच म्हणाला, आणि माणसं बाजूला सारत पुढे आला. त्याने गालिचा उचलला, तर खाली एक बटण होतं.

कानसेनने मग दोन गोष्टी करून दाखवल्या. आधी त्याने पायथ्याची तोटी सोडून मनोऱ्यातलं सगळं हिरवं पाणी गटारात जाऊ दिलं. रिकाम्या मनोऱ्याच्या काचेच्या खोलीत पुन्हा टायर पेटवला, वायरमनने गालिच्याखालचं बटण पायाने दाबलं, आणि शेवाळाचा एक थेंब नसताना धूर पाऊण मिनिटात गायब झाला. मग कामगारांनी बादल्यांनी नळाजवळच्या टाकीतलं राखीव शेवाळ आणून मनोरा पुन्हा भरला. वायरमनने फ्यूज काढला. धूर भरला तो भरलाच. एक मिनिट गेलं, पाच गेली. काच काळी होऊन बसली.

“मग धूर जात होता कुठे?” एका कामगाराने विचारलं.

वायरमनने फ्यूज लावला आणि सगळे चौकाच्या कडेच्या भिंतीला वळसा घालून मागच्या गल्लीत गेले. तिथं लाँड्रीवाल्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरींमागे भिंतीतून एक पाइप निघाला होता आणि त्यातून काळा धूर भसाभसा बाहेर पडत होता. “तरीच,” बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “रोज सव्वाअकराला चादरींना रबराचा वास. मी आपली साबण बदलत होते.” फलकाचं यंत्रही सापडलं. काचेच्या खोलीच्या छतावरच्या ज्या गाळणी लावलेल्या भोकातून ताजी हवा आत ओढली जायची, त्याच्याच तोंडाशी ते चिकटवलेलं होतं. पंखा बंद असला की ते खोलीतला धूर मोजायचं आणि चालू झाला की बाहेरून गाळून आलेली हवा.

“शेवाळ कार्बन डायऑक्साइड घेतं, ते खोटं नाही,” कानसेनने सांगितलं. “पण हळूहळू, झाडासारखंच. एवढ्याशा पाण्यात किती घेणार? आणि सिमेंटची धूळ कुठलंच शेवाळ खात नाही.”

“हे प्रतीक होतं, मित्रांनो,” शेवाळसर म्हणत होते. “मी आशेचं प्रतीक उभं केलं. आशेला वायर असली म्हणून काय झालं?” ते आपल्या गाडीत बसले आणि काचा वर करून गेले. नवल म्हणजे सगळे त्यांच्यावरच चिडले असंही नाही. पहिल्या दिवशी रडलेला तो म्हातारा कानसेनच्या समोर येऊन म्हणाला, “बरं वाटत होतं ना आम्हाला. कशाला मोडलंस?” कानसेनला त्याच्याकडे बघवेना.

तो ताईजवळ जाऊन बाकापुढे बसला. तिने मास्क पिशवीतून काढून मांडीवर घेतला होता, लावला नव्हता.

“तुला हे... कधी कळलं?” तिने विचारलं.

“मंगळवारी.”

“आणि आवाज... कधी आला होता?”

खोटं बोलायला जागा होती. फिल्मच्या वेळी आलाच नव्हता म्हणाला असता, तर तिने विश्वास ठेवला असता. तिने त्याच्यावर कधी अविश्वास दाखवलाच नव्हता.

“तेव्हाच आला होता, ताई. मी तो पुसला. मला वाटलं जनरेटर आहे. तुझ्याकडे यायची घाई होती.”

ताई बराच वेळ मास्कची दोरी बोटांनी सरळ करत राहिली. “तू पुसलंस... ते कामापायी,” ती शेवटी म्हणाली. “मी मास्क काढला... तो तुझ्या भरवशावर. आता कुणाला... काय म्हणायचं, बाळा?” आणि पंचेचाळीस वर्षांचा तो माणूस भर चौकात तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. तिने त्याच्या पाठीवरची सिमेंटची धूळ झटकली.

मग ती बायकांकडे वळली. “मला कुणी... हात धरून बसवलं नव्हतं. बरं वाटायला हवं होतं... म्हणून बरं वाटत होतं. अर्ज काढा. धूळ निघते... ती तिथं, धुराड्यातून. पिशव्या... तिथंच लागतील.” दिग्दर्शिका बाई कॅमेरा खाली ठेवून अर्जाच्या प्रती काढायला धावल्या. संध्याकाळपर्यंत दोनशे बारा सह्या झाल्या.

ताई दुसऱ्या दिवशी भावाच्या घरी आली. खिडकीजवळची खोली तिला आवडली. “पडदे छान शिवलेत,” ती म्हणाली, “पण टाका मोठा आहे.” ती तिथं बावीस दिवस होती.

सगळं आटोपल्यावर कानसेन डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्याला एकच विचारायचं होतं. “आठ महिन्यांपूर्वी आणलं असतं तर?” आणि मनातून तो प्रार्थना करत होता की बाईंनी म्हणावं, काही फरक पडला नसता हो, वेळ आली होती, नशीब. एवढं एक वाक्य मिळालं असतं तर तो सुखाने झोपला असता.

डॉक्टरीणबाईंनी ताईच्या छातीचे दोन फोटो उजेडाला धरून त्याला दाखवले, तेव्हाचा आणि आत्ताचा. “पाच-सहा वर्षं तरी सहज काढली असती,” त्या म्हणाल्या. “मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.” तो पायऱ्यांवर येऊन बसला. बाईंनी त्याला खोटा दिलासा दिला असता तर तोही शेवाळसरांच्या पाखरांसारखाच झाला असता, हे त्याला समजत होतं. समजून दुःख कमी झालं नाही.

म्हणून सांगणं एवढंच. पृथ्वी तापते आहे, हवा बिघडली आहे, आणि आपण सगळेच घाबरलेले आहोत. घाबरलेल्या माणसाला स्वस्तात आशा विकणारे पुष्कळ भेटतील. त्यांना विचारा, पाणी काढून दाखव, फ्यूज काढून दाखव, धूर मागे कुठे निघतो ते दाखव. खरा उपाय असेल तो विचारल्याने रुसत नाही. आणि सांगणारा आपला सख्खा भाऊ असला तरी विचारा. ताईने विचारलं असतं, तर त्याने ती वही पुन्हा एकदा उघडून बघितली असती.